फायनलच्या दिवशी हसू आवरेना

कोल्हापुरात आमच्या पेठेत बायकांनी फुटबॉल बघायला कुणाची ना नव्हती. खेळायला मात्र होती. पेठेचा संघ हरला की आमच्या घरी आई भाकरी तव्यावर टाकायची नाही, आपटायची. तेवढ्यावरून वडिलांना स्कोअर कळायचा. मी भावांबरोबर घरामागच्या बोळात खेळायचे. बोळाच्या डाव्या अंगाला उघडं गटार होतं, तिकडून पळायला कुणी तयार नसायचं, म्हणून ती बाजू माझ्या वाट्याला आली. चार-पाच वर्षं गटाराच्या काठानं बॉल पळवला की माणूस आपोआप लेफ्ट विंगर होतो. पुढं मी मोठी दिसायला लागले तसा आईनं तो बोळ मला बंद केला आणि मी टायपिंगच्या क्लासला जाऊ लागले.

त्या टायपिंगनं मला मद्रासला नेलं. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात क्लार्क म्हणून नेमणूक झाली. वडील सोडायला आले, चार दिवस भाजून निघाले आणि ऑफिसातल्याच एका टायपिस्ट मुलीच्या घरी, तिरुवल्लिकेणी भागात, माझी राहायची सोय लावून परत गेले. ते घर तंजावरकडच्या मराठी लोकांचं. आई आणि मुलगी दोघीच. आई शाळामास्तरीण होती, नुकतीच निवृत्त झालेली. मुलगी माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आणि माझ्याहून हातभर उंच.

पहिल्या दिवशी मी ट्रंक उघडून कपडे लावत होते. मुलगी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काय करालीस?"

मी उडालेच. पुण्या-मुंबईच्या लोकांनी ज्या बोलीवरून मला आयुष्यभर हसावं, ती बोली हजार किलोमीटरवर एका मुलीच्या तोंडात!

"कपडे लावालोय," मी म्हणाले.

"लावालोय!" ती टाळी वाजवून ओरडली. "अम्मा, ही आपल्यासारखंच बोलते बघ! पण बाप्यासारखी बोलते!"

कोल्हापूरच्या बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात हे तिला समजावून सांगेपर्यंत कॉफी आली. मी त्या दिवसापासून तिला आक्का म्हणू लागले आणि तिच्या आईला अम्मा. आमची निम्मी मराठी एकमेकींना कळायची, उरलेली निम्मी तमिळ घालून भरून निघायची.

फुटबॉलचं प्रकरण त्यानंतर वर्षभरानं निघालं. शहरातल्या बायकांच्या संघांची स्पर्धा भरणार होती, ऑफिसं, गिरण्या, कॉलेजं, कुणीही यावं. वरून आदेश आला की आमच्या कार्यालयानंही संघ पाठवावा. आमचे क्रीडा सचिव हे मूळचे कॅरमचे माणूस. त्यांनी लंच टाइमला सगळ्या बायकांना जमवलं आणि विचारलं, "लेडीज, फुटबॉल कुणाला येतो?"

कुणी हलेना. माझा हात माझ्याही नकळत वर गेला. सगळ्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मग शेजारी आक्काचा हात वर गेला.

"तुला येतंय?" मी कुजबुजले.

"नाही. पण तू एकटी कशी जाशील?"

त्या एका वाक्यावर आमची गोलकीपर ठरली. उंची होती, हात लांब होते आणि बॉल अंगावर आला की ती डोळे मिटत नसे. फुलबॅक म्हणून डिस्पॅच सेक्शनच्या मामी आल्या. चाळिशीच्या, तीन मुलांच्या आई. त्या मंगळसूत्र ब्लाउजला सेफ्टी पिननं टोचून मैदानात उतरायच्या आणि समोरून कुणी आलं की जागची हलायच्या नाहीत. येणारीच वळसा घालून जायची. बाकीच्या मुली अशाच कुणी हौसेनं, कुणी दुपारनंतर सुट्टी मिळते म्हणून आल्या.

अम्मानं परवानगी दिली, पण एका अटीवर. "मी बरोबर येणार. तुम्ही धावणार, पडणार, मग भूक लागणार. ते कोण बघेल? तो कॅरमवाला?"

पहिल्या दोन मॅच आम्ही जिंकलो. कशा जिंकलो ते आजही नीट सांगता येणार नाही. तिसऱ्या मॅचला समोरचा कॉलेजचा संघच आला नाही, कारण त्यांच्या निम्म्या मुलींची परीक्षा होती. अशा रीतीनं आम्ही फायनलमध्ये पोचलो.

तेव्हा सचिवांनी आम्हाला बाजूला घेऊन आवाज खाली करून सांगितलं, "समोर शहराबाहेरच्या गुम्मिडिपूंडीच्या कारखान्याचा संघ आहे. त्यांनी मुलींना खेळासाठीच नोकरीत घेतलंय. खेळायचा पगार मिळतो त्यांना."

"महिन्याच्या महिन्याला?" मामींनी विचारलं.

"महिन्याच्या महिन्याला."

खेळायचा पगार! आम्हाला घरी खेळायला जाते म्हणून सांगायची चोरी, आणि तिकडे मुली सकाळी डबा घेऊन फुटबॉलच्या कामावर जातात! मला भीती वाटली, हेवाही वाटला, आणि का कोण जाणे, पोटातून हसू फुटायला लागलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर मी आक्काला म्हणाले, "त्यांना फुटबॉलची पेन्शन पण असंल." ती उशीत तोंड खुपसून इतकी हसली की अम्मानं आतून दटावलं.

फायनल शुक्रवारी होती. कसलीशी सुट्टी होती त्या दिवशी. आणि शुक्रवारी बायकांनी डोक्यावरून तेल लावून न्हायचं, हा अम्माच्या घरचा न मोडणारा नेम. शुभ दिवस, शुभ काम, म्हणून तिनं त्या दिवशी तेलाची वाटी जरा जास्तच मोठी घेतली. आम्हा दोघींना पाटावर बसवून टाळूपासून तळव्यापर्यंत चोपडलं. शिकेकाईनं न्हाऊन बाहेर आलो तेव्हा अंग इतकं सैल पडलं होतं की मैदानावर जाण्याऐवजी चटईवर आडवं व्हावंसं वाटत होतं. त्यावर तिनं दहीभात खायला घातला.

"अम्मा, आज धावायचंय," आक्का जांभई देत म्हणाली.

"म्हणून तर. अंगात थंडावा हवा."

ऑफिसनं कबूल केलेली गाडी आलीच नाही. मग आम्ही सगळ्या सिटी बसनं निघालो. गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्या, वर लांब सदरे, पायात मोजे, एकीच्या काखेत बॉल, आणि मागून अम्मा, दोन्ही हातांत चिंचभाताची पातेली घेऊन. बसमधले पुरुष आधी बघत राहिले, मग खिडकीबाहेर बघायला लागले. एका आजीबाईनं मामींच्या चड्डीकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय?"

मामी म्हणाल्या, "सरकारी काम."

बस पुढच्या स्टॉपपर्यंत हसत होती. आम्ही उतरलो तरी हसत होतो.

मैदानावर मला वाटलं होतं शंभरेक माणसं असतील. पण तिरुवल्लिकेणीच्या मॅन्शनांमधून, म्हणजे एकट्या पुरुषांच्या भाड्याच्या खोल्यांमधून राहणारे, सुट्टीच्या दिवशी काय करायचं ते न सुचणारे सगळे ब्रह्मचारी तिथं आले होते. आमच्या गल्लीच्या मेसमध्ये जेवणारे तर झाडून आले होते आणि आम्ही त्यांच्याच घरच्या असल्यासारखे ओरडत होते. गुम्मिडिपूंडीच्या मुली दुसऱ्या टोकाला वॉर्म-अप करत होत्या. एकसारखे लाल टी-शर्ट, एकसारखे बूट. त्यांची कॅप्टन सावळी, रुंद खांद्यांची, लांबसडक वेणी कमरेच्या पट्ट्यात खोचलेली. ती बॉल पायावर घेऊन गुडघ्यावर, गुडघ्यावरून कपाळावर झेलत होती आणि हे करताना मैत्रिणीशी गप्पा मारत होती.

"पगारी," मामी हळूच म्हणाल्या.

पहिला हाफ आम्ही खेळलो असं म्हणणं बरोबर नाही. आम्ही तिथं होतो. तेलाच्या न्हाणामुळे आक्का गोलमध्ये जांभया देत होती आणि मी डाव्या अंगानं पळत होते, पण तिथं गटार नव्हतं, त्यामुळे कुठं थांबायचं तेच मला समजेना. दोनदा बॉल घेऊन लाइनच्या बाहेर गेले. एकदा गोल समोर उघडा होता. मी अशी काही लाथ घातली की बॉल पाहुण्यांसाठी मांडलेल्या टेबलावर पडला आणि तिथली गुलाबजल शिंपडायची गुलाबदाणी आडवी झाली. मग त्यांच्या कॅप्टननं लांबून एक फटका मारला. आक्काच्या हातांत बॉल बरोबर आला आणि तेलकट हातांतून तितकाच बरोबर निसटून मागं गेला. एक-शून्य.

तेवढ्यात लाइनमननं आमच्या एका मुलीला ऑफसाइड दिलं आणि अम्मा उठून थेट त्याच्यापाशी गेली.

"माझ्या पोरीचं काय चुकलं?" तिनं तमिळमध्ये विचारलं.

"अम्मा, ती आधीच पुढं जाऊन उभी होती."

"आधी येऊन उभी राहिली? म्हणजे वेळेवर आली! तीस वर्षं मी शाळेत मुलांना हेच शिकवलं. आणि तुम्ही त्याला शिक्षा देता?"

लाइनमननं झेंडा खाली केला आणि चक्क मान खाली घातली. ब्रह्मचाऱ्यांनी टाळ्या पिटल्या. आमची उजवी विंग जमिनीवर बसून पोट धरून हसत होती. त्यांच्याही दोन मुली हसताना मी पाहिल्या.

हाफटाइमला सचिव आले. ते रुमालानं मान पुसत म्हणाले, "लेडीज, सरळ मारू नका. अँगल बघा. रिबाउंड घ्या."

"सर, इथं कडा नाहीत," मी म्हणाले.

"असतात. शोधा."

दुसऱ्या हाफमध्ये समुद्राचा वारा सुटला आणि आमच्या अंगातली झोप उडाली. मामींनी एक बॉल असा उडवला की तो मैदानाच्या मध्यावरून माझ्यापुढं येऊन पडला. मी कडेनं पळाले. मागून आक्का गोल सोडून ओरडत होती, "चल, चल, हाण!" मी हाणलं. बॉल खांबावर आदळला, परत आला, माझ्या गुडघ्यावर आपटला आणि गोलकीपरच्या पायांमधून संथपणे आत गेला. त्या धक्क्यानं मी मागं पडले होते. माझ्या आयुष्यातला तो एकमेव महत्त्वाचा गोल झाला तेव्हा मी बसलेली होते.

वर आकाशात घारी फिरत होत्या, आणि मग घारी दिसेनाशा झाल्या, कारण सगळा संघ माझ्या अंगावर येऊन पडला. सर्वांत शेवटी मामी. खालून मला सचिवांचा आवाज ऐकू येत होता, "रिबाउंड! मी सांगितलं होतं! रिबाउंड!"

एक-एक. वेळ संपली, जादा वेळही संपली. पेनल्टी मारायच्या ठरल्या. रेफ्री जाड मिशांचे, अत्यंत गंभीर गृहस्थ होते. दिवसभरात एकदाही त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नव्हती. पहिली पाळी लाल कॅप्टनची. ती बॉल ठेवून मागं गेली. आक्का दोन्ही हात पसरून वाकली. मैदान शांत झालं. रेफ्रींनी छाती भरून शिट्टी फुंकली.

शिट्टीतून फुस्स असा आवाज आला.

त्यांनी ती झटकली, पुन्हा फुंकली. या वेळी तिच्यातून सायकलच्या चाकाची हवा जाते तसा बारीक, लांबच लांब सूर निघाला. कॅप्टनचा ओठ थरथरला. आक्काच्या नाकातून एक फुर्र निघाली. तेवढ्यात गर्दीतल्या एका ब्रह्मचाऱ्यानं दोन बोटं तोंडात घालून अशी खणखणीत शिट्टी मारली की कॅप्टननं सवयीनं धावत येऊन बॉल कोपऱ्यात घातला.

"गोल!" लाल संघ नाचायला लागला.

"ती माझी शिट्टी नव्हती," रेफ्री म्हणाले. "पुन्हा."

पुन्हा मारताना ती इतकी हसत होती की बॉल गोलच्या बाजूनं गेला. आता आमच्या मामी. रेफ्रींनी जाहीर केलं की यापुढं ते टाळी वाजवतील. त्यांनी टाळी वाजवली. त्याबरोबर शेकडो माणसांनी टाळी वाजवली.

"कुठली टाळी?" मामी बॉलपाशी थांबून विचारू लागल्या. "माझी कुठली?"

मग रेफ्रींनी खिशातून रुमाल काढून हलवायला सुरुवात केली, तर कडेचे सगळे ब्रह्मचारी रुमाल काढून हलवायला लागले. त्यानंतर काही शिल्लक राहिलं नाही. एकेक मुलगी यायची, बॉलकडे बघायची, रेफ्रींकडे बघायची आणि कोलमडायची. कुणाचा बॉल आभाळात जायचा, कुणाचा कॉर्नरच्या झेंड्याकडे. माझी पाळी आली तेव्हा डोळ्यांतून पाणी येऊन मला बॉल एकाचे दोन दिसत होते. मी मधल्या मोकळ्या जागेला लाथ मारली. मातीचं ढेकूळ उडालं, बॉल वीतभर सरकला. आक्काला एकही बॉल अडवावा लागला नाही, कारण तिच्यापर्यंत एकही पोचला नाही. त्यांच्या गोलकीपरचंही तेच. ती खांबाला मिठी मारून हुंदके देत हसत होती.

अखेर रेफ्रींच्या मिशा हलल्या. आधी उजवी, मग डावी. त्यांनी आमच्याकडे पाठ केली, पण त्यांचे खांदे सगळं सांगत होते. तशाच अवस्थेत ते टेबलाकडे गेले आणि उजेड कमी झाल्यामुळे दोन्ही संघ संयुक्त विजेते, असं जाहीर करून मोकळे झाले.

आता चषक एकच. पहिले सहा महिने कुणी न्यायचा ते ठरवायला नाणं उडवलं, ते गवतात पडलं आणि सापडेना. प्रमुख पाहुण्यांना घरी जायची घाई होती. चषक हातात घेऊन ते नुसते उभे होते. तेव्हा अम्मा पुढं झाली. चषकाकडे तिनं स्वयंपाकघरातल्या बाईच्या नजरेनं पाहिलं.

"याला झाकण आहे की," ती म्हणाली. "भांडं त्यांना द्या, झाकण आम्हाला. सहा महिन्यांनी बदला."

पाहुण्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. फोटो काढताना लाल कॅप्टनच्या हातात चषक होता आणि आक्कानं झाकण डोक्यावर धरलं होतं.

त्यांच्या कारखान्याचा ट्रक बाहेर उभा होता. "बीचवर येता?" कॅप्टननं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता मामींना हात देऊन वर ओढलं. दोन संघ, अम्मा आणि चिंचभाताची पातेली, सगळे त्या ट्रकमध्ये. मरीनावर संधिप्रकाशात आम्ही बूट काढून थेट पाण्यात शिरलो, अंगातल्या कपड्यांसकट. लाट आली की सगळ्या एकमेकींना धरायच्या आणि एक पडली की सगळ्या पडायच्या. मी कोल्हापूरची. पंचगंगेत पोहले होते, पण समुद्रानं पायाखालची वाळू ओढून नेली की पोटात जे होतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा पुरतं कळलं. वाळूत बसून आम्ही चिंचभात खाल्ला. पानं कमी पडली तेव्हा चषकात वाढून घेतला आणि तो हातोहात फिरला.

कॅप्टन माझ्याशेजारी बसली होती. मी धीर करून विचारलं, "खेळायचा पगार किती मिळतो?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "कसला पगार? आम्ही पॅकिंगमध्ये आहोत. दिवसभर खोकी बांधतो. आठवड्यातून दोनदा दुपारी खेळायला सोडतात, तोच आमचा पगार." मग तिनं जरा संकोचून विचारलं, "तुम्हाला सरकारकडून रोज अंडी आणि दूध मिळतं म्हणे?"

मी आक्काला हाक मारून तिचं बोलणं सांगितलं. आक्कानं मामींना सांगितलं. मामींच्या घशात भात अडकला आणि दोन्ही संघांनी मिळून त्यांची पाठ थोपटली.

पुढच्या वर्षी स्पर्धा भरलीच नाही. सहा महिन्यांनी अदलाबदल करायचं दोन्हीकडे राहून गेलं. झाकण अम्माच्या स्वयंपाकघरात दुधाच्या पातेल्यावर बसू लागलं. दीडेक वर्षानं कॅप्टनच्या लग्नाचं आमंत्रण आलं, तेव्हा आक्का आणि मी झाकण चिंचेनं घासून लख्ख करून, पिशवीत घालून गुम्मिडिपूंडीला गेलो. लग्नघरात दारापाशी एका स्टुलावर चषक ठेवला होता, आल्यागेल्यावर गुलाबजल शिंपडायला. नवरीनं आम्हाला बघितलं आणि मांडवातून तशीच उठून आली. सगळ्यांसमोर आक्कानं झाकण काढून चषकावर ठेवलं.

ते बसेना. दुधाच्या पातेल्यावर आपटून आपटून त्याची कड वाकली होती. आक्कानं दाबलं, मी दाबलं, नवरीनं मेंदीच्या हातांनी बुक्की मारली. झाकण टणकन उडून भटजींच्या मांडीत पडलं. नवरीनं आधी भटजींकडे पाहिलं, मग आक्काकडे, आणि तिचा ओठ थरथरायला लागला.